कडेला ठेवलेली माझी रेघ

हिरे,

तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले आणि तुझी सून रेश्मा सारसोळ्याला आली. हातात जड पिशवी. मला वाटलं तुझी लुगडी असतील, घरातल्या बायकांना वाटायला आणली असतील. पिशवीतून निघाला तुझा कॉम्प्युटर. "मामा, आईंनी यात तुमची एक गोष्ट ठेवलीय," म्हणाली आणि माझ्या मांडीवर ठेवून दिला. गरम होता. मांजर बसल्यासारखा.

चहा घेऊन ती गेली. तेव्हापासून मी चिडलोय. माणूस जाताना मागची भांडणं मिटवून जातं. तू भांडण चालू ठेवून गेलीस, आणि वर ते चालवायचं कसं याचा कागद लिहून गेलीस. "पैलं हे बटन दाब. मग वाट बघ. घाई करू नको." घाई करू नको! मला, थोरल्या भावाला!

गावाच्या पुस्तकात तुझ्याबद्दल लिहून द्या म्हणून पोरं मागे लागलीत. बाकीचे लिहितील तू किती मायाळू होतीस, किती कष्टाळू होतीस. लिहू देत, खोटं नाही ते. पण मला एकच लिहायचंय. जन्मभरात तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस आणि मी ती दिली नाही. आपल्या बापाच्या, आबाच्या, खाडीतल्या खुंटाची निशाणी. का दिली नाही ते तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो. पण आधी माझं ऐकून घे. तू जिवंत असताना मला कधी एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलानं तुला दिवाळ्याहून उचलून खारघरला नेलं. बाराव्या मजल्यावर. मला वाटलं, आता ही बाय वेडी होणार. साठ वर्षं मासळीची पाटी डोक्यावर घेऊन फिरलेली बाई खिडकीत बसून काय करणार? तू वेडीच झालीस, पण वेगळ्या वाटेनं. रेश्मा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. घरी बसून ती दुसऱ्या दिवसाच्या तासाची तयारी करत होती आणि पडद्यावर एक लाल गोल डावीकडून उजवीकडे चालत होता. तू मागून विचारलंस, "याला ढकलतं कोन?"

"कुणी ढकलत नाही, आई. दर वेळी सगळं पुसायचं आणि गोल थोडा पुढे काढायचा. इतक्या भरभर, की आपल्याला चालल्यासारखा दिसतो."

तू म्हणालीस, "मंजे सारवायचं आनि परत रांगोली काढायची. परत सारवायचं, परत काढायची."

रेश्मानं मला हे तीनदा सांगितलंय. दर वेळी तिला नवल वाटतं. कॉलेजातल्या मुलांना आता ती असंच शिकवते म्हणे, सारवणाचं. त्यांच्यातल्या निम्म्यांनी सारवलेली जमीन पायाखाली पाहिली नसेल.

मग माझे रविवार गेले. सकाळी मी वाट्याची मासळी साफ करायला बसलो की तुझा फोन. तोही तोंड दाखवायचा. मला काय दिसायचं? तुझं कपाळ आणि वर फिरणारा पंखा.

"दादूस, बघ, गोल चालतो."

"मला पंखा चालताना दिसतोय."

"थांब. आता?"

"आता भिंत."

"रेश्मा, याला दाखव ग. याच्या डोल्याला कायच दिसत नाय."

एकदा तू सारवायला विसरलीस. गोल पुढे गेला, पण मागचे गोल तसेच राहिले. सगळ्या पडद्यावर लाल पट्टा, जसा कुणी खेकडा ओला ओला घरभर फिरलाय. मी म्हटलं, चुकलं तुझं. तू म्हणालीस, चुकलं नाय, र्‍हावदे, कुठनं आला ते तरी कलतं. मी म्हटलं, चुकलं तर चुकलं म्हण. तू फोन ठेवलास. पुढच्या रविवारी दुरुस्त करून मग फोन. चुकलं असं म्हणायचं नाही, गुपचूप दुरुस्त करायचं, ही आपल्या घराण्याची रीत. मी दुसरं काय करत आलोय?

आणखी एकदा गोल पडद्याच्या उजव्या कडेनं बाहेरच गेला. मी म्हटलं, "गेला की."

"गेला नाय. निसता दिसत नाय. आकडा बघ, आठशे... नवशे... तो चाललाच हाय."

"मग परत आण त्याला."

"कनाला? जाव दे. दमल तवा बघू."

मी कपाळाला हात लावला. तुला समोर दिसणारी गोष्ट पुरत नसे, हेच तुझं दुखणं.

मी मुद्दाम खारघरला आलो ते तुझा हा नाद सोडवायला. तुला आठवत असेल, वाळलेले बोंबील आणले होते आणि लिफ्टमध्ये एका बाईनं नाकाला पदर लावला. तू दारातच म्हणालीस, "आनखी आनायचे व्हते." मी बसलो आणि समजावलं, हिरे, आपलं वय काय, आपलं शिक्षण काय. मी चौथी. तू दुसरी, तीही अर्धी. तू इंग्रजी अक्षरं चित्रासारखी बघून बघून एका बोटानं मारतेस, याला शिकणं म्हणतात का?  कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवलास आणि म्हणालीस, "या पानावर शून्य कुठं हाय, सांग."

मी म्हटलं, खाली. शून्य नेहमी खाली असतं. शिडीची पहिली पायरी खाली असते.

"वर हाय."

"वर कसं असेल?"

"वरनंच मोजायचं. आकडा वाढला की खाली जायाचं. तू शिसं बांधून दोरी सोडतोस तवा काय करतोस? पान्याच्या वर शून्य. एक वाव, दोन वाव, तीन वाव. खाली खाली."

रेश्मा हसायला लागली. म्हणाली, मामा, मुलं इथंच अडतात, आई एका मिनिटात समजल्या. मला हसू आलं नाही. दोन्ही हात पसरून दोरीचे वाव मोजत, भर खाडीत पाणी मोजत मी जन्म काढला, आणि ते मला बाराव्या मजल्यावर बसून तू शिकवावंस? जिला आबानं कधी होडीत चढू दिलं नाही, तिनं?

त्या दिवशी मी जेवायला थांबलो नाही. तू डबा भरून खालच्या वॉचमनकडे पाठवलास, लिफ्टनं माझ्या आधी. त्याचाही राग आला. कालवण चांगलं होतं.

होडीचं मात्र मी तुला शिकवलं. हे कबूल कर. तू चौकोनाला दोन तिरके तुकडे जोडून होडी केलीस. बोटानं धरून ओढता येते म्हणालीस. मी नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला, बोट लावलं, तर होडीनं टुणकन उडी मारली आणि तिचं पोट माझ्या बोटाखाली आलं. मी म्हटलं, ही होडी आहे की बेडूक? होडीला नाळेला धरून ओढलं तर नाळच हातात राहते. पोट उडी मारून हातात येत नाही. तू म्हणालीस, सगल्यांची अशीच उडी मारते, रेश्माच्या कॉलेजातल्या पोरांची पन. मी म्हटलं, सगळ्यांची मारत असेल. कोळ्याच्या पोरीची मारू नये.

तुला ते लागलं. दोन आठवडे फोन नाही. मग फोन नाही, तूच दारात. ओढ म्हणालीस. रेश्मानं तुला खारघरहून माझ्याकडे आणलं होतं फक्त तेवढ्यासाठी, भर उन्हात. मी नाळ धरली, नाळच हातात राहिली. मागचा भाग धरला, मागचाच हातात. मी पाच-सहा वेळा ओढून बघितली. तू शेजारी बसून सांगत होतीस, "जिथं हात लागला तिथनं मधोमध किती लांब हाय, ते पैलं लक्षात ठेवायचं. ओढताना तेवढं अंतर सोडायचं. मंग नाय उडी मारत." मी म्हटलं, ठीक आहे. माझ्या तोंडून ठीक आहे म्हणजे किती, ते तुला माहीत होतं. तू हसलीस आणि त्याच दमात हळूच म्हणालीस,

"दादूस, आता निशानी सांग."

तेव्हा मला कळलं की हा सगळा गोल, सारवण, होडी, सगळा खटाटोप कशासाठी होता. मांजर पाटाभोवती फिरतं तशी तू दीड वर्षं फिरत होतीस.

वाचणाऱ्यांतल्या नव्या पोरांना कळावं म्हणून लिहितो, तुला माहीत आहे. डोल, म्हणजे आपलं पिशवीसारखं मोठं जाळं, लावायची तर खाडीच्या तळात ताडाचा खुंट ठोकावा लागतो. ज्याच्या घराण्याचा खुंट जिथं, तिथं दुसऱ्यानं जाळं लावायचं नाही. ओहोटीला खुंटाचं टोक वर दिसतं, पण भरतीला तो पाण्याखाली जातो, मोडला तर दिसतही नाही. मग तो शोधायचा निशाणीनं. लांबची एक वस्तू आणि जवळची एक वस्तू एकापुढे एक आली की समजायचं, आपण त्या रेघेवर आहोत. ही निशाणी बाप मुलाच्या कानात सांगतो, तो पहिल्यांदा सुकाणूवर बसतो त्या दिवशी. मुलीला सांगत नाही. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावच्या कोळ्याकडे जाते, निशाणी तिच्याबरोबर जायला नको.

तू आठ-नऊ वर्षांची असताना आबाला विचारलं होतंस. आबा म्हणाला, तू जाशील परक्याच्या घरी. तू म्हणालीस, मग मी जातच नाय. आबा हसला. पण सांगितलं नाही.

आणि मग तुझं ते म्हणणं, ज्यावर आपण जन्मभर भांडलो. "आबाचा खुंट हाकेच्या अंतरावर व्हता. मी ओट्यावरनं हाक मारायचे, आबा वल्हं वर करायचा." मी म्हणायचो, खुंट लांब, पार खोल पाण्यात, तुझी हाक वाऱ्यावर गेली असेल आणि वल्हं तुला भासलं असेल. तू म्हणायचीस, मी डोल्यानं बघलंय. मी म्हणायचो, मी होडीनं गेलोय. तुझ्या लग्नात आपण यावर भांडलो. माझ्या मुलाच्या बारशाला भांडलो. आबा गेला त्या दिवशीसुद्धा, तो आत घोंगडीवर निजलेला असताना, तू ओट्यावर जाऊन हात करून म्हणालीस, "तिथं. तिथं व्हता खुंट." मी म्हटलं, गप बस.

दर नारळी पुनवेला मी होडीतून जाऊन खुंटाच्या जागी नारळ सोडतो. बायका किनाऱ्यावरून सोडतात. दिवाळ्याहून तू दर वर्षी माहेरी यायचीस फक्त त्यासाठी. गुडघे गेल्यावरसुद्धा. आणि दर वर्षी विचारायचीस, "मी कुठं तोंड करून सोडू?" मी म्हणायचो, खाडीकडे.

एवढीच तुझी मागणी होती. नारळ सोडताना तोंड कुठं करायचं. मी म्हणायचो, खाडीकडे. लाज वाटते आता लिहिताना.

त्या उन्हाच्या दुपारी निशाणी मागून तू कॉम्प्युटरवर आपल्या खाडीचा वरून काढलेला फोटो उघडलास, रेश्माच्या मदतीनं घातलेला. त्यावर निळी रेघ काढलीस. तुझी रेघ. आपल्या जुन्या ओट्याच्या खांबापासून समोर ट्रॉम्बेच्या डोंगराला खाच आहे तिथपर्यंत. तू खांबाला टेकून बसायचीस आणि ओहोटीला खुंटाचं टोक बरोबर त्या खाचेखाली दिसायचं. मला हे तू कधी सांगितलं नव्हतंस. तुझीही निशाणी होती आणि तीही तू लपवून ठेवलीस! मला म्हणतेस हट्टी.

"माजी एक रेघ हाय. खुंट या रेघेवर कुठंतरी हाय, जवल का लांब ते रेघेला म्हाईत नाय. तुजी दुसरी रेघ टाक. जिथं दोन्ही कापतील तिथं आबा. मंग कोन खरं ते दिसल."

मी म्हटलं, आबाचा शब्द आहे. मुलीला सांगायचं नाही.

"आबा जावन तीस वर्सं झाली, दादूस. आता मला कुठं लगीन करून जायाचंय?"

रेश्मा खाली बघत होती. मी उठून मागच्या दारी गेलो. तू पाठीमागून ओरडलीस, "तुला हरायची भीती वाटते!"

ते खरं नव्हतं, हिरे. खरं याहून वाईट होतं.

आबानं मला एकच निशाणी दिली होती. दुसरी लागत नव्हती, कारण खाडीतल्या पाण्याची वाट सरळ होती, धक्क्यावरून निघालं की त्या वाटेनंच जायचं, आणि निशाणी जुळली की थांबायचं. ती वाट हीच दुसरी रेघ. मग मी न्हावा शेव्याला बंदरातल्या लाँचवर नोकरी धरली. डोल बंद झाली, मासळीच उरली नव्हती. बारा वर्षं मी खुंटाकडे फिरकलो नाही. परत आलो तेव्हा वाट गाळानं भरून वाकडी झालेली. निशाणीतलं झाड तोडलेलं. डोंगराच्या आडवे टॉवर उभे. मी होडी घेऊन गेलो, वळून गावाकडे बघितलं, आणि मला काहीच जुळवता येईना. आपल्या बापाची जागा मला सापडेना.

मी कुणाला बोललो नाही. त्या वर्षी पुनवेला पोरं होडीत बसली होती, सगळी माझ्या तोंडाकडे बघत. मी एका जागी हात वर केला आणि म्हटलं, "इथं." त्यांनी हात जोडले. मी नारळ सोडला. पुढच्या वर्षी जरा पुढे गेलो, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. लांब गेलं की खरं वाटतं. इतकी वर्षं मी अंदाजानं नारळ सोडतोय आणि घरी येऊन तुझ्याशी भांडतोय की खुंट लांबच होता.

तुला निशाणी सांगितली असती तर तू विचारलं असतंस, आणि आता झाड नाय तर तू जागा शोधतोस कशी? तुझा तो प्रश्न मला झोपेतसुद्धा ऐकू यायचा. म्हणून आबाचा शब्द पुढे केला. आबाच्या शब्दाआड मी लपलो. घे. झालं सांगून.

शेवटचं तुला हॉस्पिटलात बघितलं. चार वाजताची भेटीची वेळ, एकानंच आत जायचं. तुझ्या तोंडावर तो मास्क. माझा हात धरलास आणि मास्कच्या आतून काहीतरी बोललीस. मला ऐकू आलं नाही असं मी नर्सला सांगितलं. आलं होतं. "निशानी?" म्हणालीस. मी म्हटलं, "बरी हो आधी. मग बघू." तू डोळे मिटलेस, कंटाळून मिटतात तसे. मी तसाच बसून राहिलो. तेव्हा सांगायला काय लागत होतं? खोलीत दुसरं कोण होतं? एक वाक्य. पण मला वाटलं, सांगितलं तर हिला कळेल की ही जाणार आहे. असं मी मनाशी म्हणालो. खरं म्हणजे तेव्हाही मला तुझ्या प्रश्नाची भीती वाटली.

माझी बायको शांता आजारी होती तेव्हा तू दोन महिने रोज दिवाळ्याहून भात-कालवण घेऊन आलीस. मी कधी म्हटलं नाही की बरं झालं आलीस. दर वेळी म्हटलं, कालवणात मीठ कमी आहे. तू दर वेळी म्हणालीस, उद्या घालते. उद्या परत कमी. शांताला मीठ वर्ज्य होतं, हे मला ती गेल्यावर कळलं. तू सांगितलं का नाहीस? आपल्या घरात कुणी काही सांगतच नाही.

असो. काल दुपारी मी तुझा कागद पुढे ठेवून बटण दाबलं. वाट बघितली. घाई केली नाही.

फोटो आला. खाडी आली. तुझी निळी रेघ होती. आणि पडद्याच्या डाव्या कडेला, खाली, एक पिवळी रेघ उभी करून ठेवली होती. वल्हं भिंतीला टेकवून ठेवतात तशी. तिच्या दोन टोकांना दोन छोटे गोल, धरायला. एका गोलाजवळ लिहिलं होतं "लांबचं", दुसऱ्याजवळ "जवळचं". आणि रेघेच्या बाजूला "दादूस".

नाव मराठीत लिहिलं होतंस. रेश्मा फोनवर म्हणाली, ते मराठी अक्षर पडद्यावर आणायला आईंना आठ दिवस लागले, मी मदत करते म्हटलं तर नको म्हणाल्या.

मी बराच वेळ हात लावला नाही. चहा केला, प्यायलो. तुझ्यावर चिडलो. ही काय पद्धत झाली, माणसाला असं कडेला उभं करून ठेवायची? मग बोट लावलं. वाटलं, रेघ उडी मारेल. नाही मारली. जिथं बोट लावलं तिथंच राहिली, शहाण्यासारखी. तुझं काम पक्कं आहे. हे मी तू असताना बोललो नाही, आता लिहितो, पक्कं आहे.

"लांबचं" ओढत ओढत उजवीकडे नेलं आणि डोंगरावर ठेवलं. "जवळचं" झाड होतं तिथं ठेवलं. झाड नाही, पण शेजारचं गावदेवीचं देऊळ आहे, त्याच्या मागच्या कोपऱ्याला ते होतं, ती जागा मी डोळे मिटून दाखवीन. रेघ देवळावरून पुढे खाडीत गेली. तुझ्या निळ्या रेघेला कापलं. आणि कापलं तिथं आपोआप एक लाल गोल उमटला. तो तुझा पहिला गोल असणार. तोच रंग.

हिरे, तो जवळ आहे.

मी चष्मा पुसून बघितलं. डोंगरावरचा गोल जरा इकडे केला, जरा तिकडे केला. लाल गोल पण जरा हलला, पण लांब जाईना. मी तो लांब जावा म्हणून डोंगर पार पनवेलच्या बाजूला ओढून बघितला, हेही सांगतो. मग लाज वाटून परत आणून ठेवला. खुंट आपल्या ओट्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. आता तिथं तिवरं वाढलीत, होडी जात नाही. मी दर वर्षी त्याला बाजूला टाकून पुढे, लांब लांब जात होतो. आणि तू, जिला मी खाडीकडे तोंड कर म्हणून सांगत होतो, तू किनाऱ्यावरून सोडलेला नारळ माझ्या नारळापेक्षा आबाच्या जवळ पडत होता. दर वर्षी.

किती हसली असतीस. सगळ्या गावाला सांगितलं असतंस, लिफ्टमधल्या बाईलासुद्धा. मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी कॉम्प्युटर धाडकन मिटला. मग परत उघडला, गोल आहे का बघायला. होता.

यंदा पुनवेला मी होडीत बसणार नाही. पोरांना सांगितलंय, तुम्ही जा. मी बायकांबरोबर किनाऱ्यावर उभा राहणार. काय म्हणायचं ते म्हणोत. तोंड कुठं करायचं ते त्या सगळ्याजणींना मी सांगणार, ओट्याच्या खांबावरून ट्रॉम्बेच्या खाचेकडे. तुझ्या रेघेवरून.

राहिली माझी रेघ. ती आबानं कानात सांगितली होती, मी छापून देतोय. ज्याला वाचायची त्यानं वाचावी, आता तिथं ना झाड, ना खुंट, ना मासळी, कोण काय चोरणार? आणि तुला सांगायला मला दुसरी जागा उरलेली नाही. ऐक, मधे बोलू नको.

बेलापूरच्या डोंगराचं टोक गावदेवीच्या चिंचेच्या शेंड्यावर येऊन बसलं, की वल्हं पाण्याबाहेर काढून वर धरायचं. होडी आपोआप थांबते. खाली आपला खुंट.

एवढंच होतं, बाय.

आता तू विचारशील, मला ठाऊक आहे. आबा ते वल्हं वर धरायचा ते चिंच जुळली म्हणून, की ओट्यावरून तुझी हाक आली म्हणून? इतकी वर्षं मी म्हणत आलो की तुला भास झाला. वल्हं वर जात होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी त्याच्या शेजारी बसलेलो असायचो. हाकही ऐकू यायची, ती वाऱ्यानं लांबवर आणली असं मी मनाशी म्हणायचो. चिंच जुळून खुंटाला होडी बांधून झाली तरी आबा वल्हं खाली घ्यायचा नाही, गावाकडे तोंड करून तसाच धरून ठेवायचा.

तुझ्या हाकेलाच होतं. झालं समाधान?